मेंदूच्या गाठीवरील संशोधन आणि आपले मथळे

मा. संपादक,

मेंदूच्या कर्करोगावर ‘रामबाण उपाय सापडला’ अशा आशयाची बातमी मराठी वृत्तपत्रांत वर्षातून दोन-चार वेळा तरी वाचायला मिळते. परदेशातील एखाद्या विद्यापीठाचे नाव, उंदरांवरील प्रयोगाचा ओझरता उल्लेख आणि शेवटी ‘लवकरच’ हा शब्द, एवढ्यावर ती संपते. वरिष्ठ महाविद्यालयात पेशीविज्ञान शिकवून मी निवृत्त झालो असल्यामुळे ओळखीतल्या रुग्णांचे नातेवाईक अशी कात्रणे घेऊन माझ्याकडे येतात आणि हे औषध मुंबईत कुठे मिळेल, असे विचारतात. ते अद्याप कोणत्याही माणसाला दिलेलेच नाही, हे त्यांना सांगणे फार जड जाते. यात शास्त्रज्ञांच्या अतिशयोक्तीचा वाटा असेलही. पण माझ्या मते मोठा दोष, वर्षानुवर्षे चाललेल्या कामातला एकच दिवस उचलून छापण्याच्या आपल्या सवयीचा आहे. या विषयातील एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीच्या आधारे हे म्हणणे मांडण्याची अनुमती असावी.

डॉ. शीला सिंग या कॅनडातील बालमेंदूशल्यविशारद आहेत. त्यांनी टोरांटो येथे न्यूरोसर्जरीचे प्रशिक्षण घेतले आणि तेथेच डॉ. पीटर डर्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.चे संशोधन केले. या विषयाला ते शहर अनुकूल होते. रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचे (म्हणजे स्वतःची संख्या टिकवत इतर पेशी घडवणाऱ्या पेशींचे) अस्तित्व 1961 मध्ये टिल आणि मॅकुलक यांनी तेथेच दाखवून दिले होते, आणि रक्ताच्या कर्करोगातही मूलपेशींसारखा एक लहान गट असतो व रोग तोच पुढे चालवतो, हे जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेने 1990 च्या दशकात दाखवले होते. मेंदूतील घट्ट गाठीच्या बाबतीतही असेच असेल का, हा प्रश्न सिंग आणि डर्क्स यांनी हाती घेतला. लहान मुलांच्या मेंदूतून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत आणून त्यांनी त्यातील पेशी वाढवल्या. त्यासाठी वापरलेली पद्धत 1992 मध्ये कॅल्गरीच्या रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी उंदराच्या मेंदूतील निरोगी मूलपेशी वाढवताना विकसित केली होती. पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी133 या प्रथिनाच्या आधारे त्यांनी पेशींचे दोन गट वेगळे केले. 2003 मध्ये पहिला शोधनिबंध आला आणि नोव्हेंबर 2004 मध्ये ‘नेचर’मध्ये दुसरा. त्यातील आकडे आजही थक्क करतात. सीडी133 असलेल्या अवघ्या 100 पेशी उंदराच्या मेंदूत टोचल्या, तरी रुग्णाच्या मूळ गाठीसारखीच गाठ तयार झाली. उलट हे प्रथिन नसलेल्या एक लाख पेशी टोचूनही गाठ झाली नाही.

हे इतके महत्त्वाचे का ठरले, ते ग्लायोब्लास्टोमा या प्रौढांमधील सर्वांत आक्रमक गाठीकडे पाहिल्यावर कळते. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध द्यावे, हे 2005 मध्ये स्टुप आणि सहकाऱ्यांच्या चाचणीने सिद्ध केले. त्या चाचणीत नुसत्या किरणोपचारांनी रुग्णांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 12.1 महिने होते, ते औषधामुळे 14.6 महिने झाले. आजही प्रमाण उपचार बव्हंशी तोच आहे. गाठ दिसेनाशी होते आणि काही महिन्यांनी बहुधा त्याच जागेच्या आसपास पुन्हा उगवते. किरणोपचारांनी डीएनएला झालेली इजा दुरुस्त करण्यात सीडी133 असलेल्या पेशी अधिक तरबेज असतात, असे 2006 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवले, तेव्हा या पुनरागमनाचे कोडे सुटल्यासारखे वाटले. शेतातली हरळी वरवर खुरपली की पुन्हा फुटते, तसे हे आहे, असे मीही वर्गात सांगत असे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र चित्र गुंतागुंतीचे झाले. सीडी133 नसलेल्या काही पेशीही गाठ निर्माण करू शकतात, असे 2007 मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झाले. 2008 मध्ये मिशिगन विद्यापीठातील शॉन मॉरिसन यांच्या गटाने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाबाबत दाखवले की, प्रतिकारशक्ती आणखी क्षीण असलेले उंदीर वापरले, तर जवळपास दर चौथी पेशी गाठ करू शकते. म्हणजे ‘मूलपेशी विरळ असतात’ हा निष्कर्ष काही अंशी उंदराच्या निवडीवरही अवलंबून होता. शिवाय सामान्य भासणारी कर्कपेशी परिस्थितीनुसार मूलपेशीचे गुण पुन्हा धारण करू शकते, असेही पुरावे पुढे येत गेले. हरळीच्या पात्यालाच मूळ फुटू लागले, तर खुरपणाऱ्याने करायचे काय? 2004 च्या त्या निबंधाचे मोल याने कमी झाले, असे मला वाटत नाही. इतरांना तपासता येईल आणि खोडून काढता येईल इतक्या स्पष्ट शब्दांत एक दावा त्याने मांडला होता, आणि विज्ञानात हे काही थोडे नव्हे.

सिंग 2007 मध्ये हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात गेल्या. शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळा, दोन्ही त्यांनी चालू ठेवले. आपल्या पहिल्या निष्कर्षाच्या बचावात त्या अडकून पडल्या नाहीत, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. इतर अवयवांतून मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांच्या पेशींकडे त्या वळल्या. उपचारांनंतर परतलेली गाठ मूळ गाठीपेक्षा कशी वेगळी असते, याचाही त्यांच्या गटाने पाठपुरावा केला. 2020 मध्ये या गटाने सीडी133 ला लक्ष्य करणारे तीन प्रकारचे उपचार उंदरांत ताडून पाहिले. रोगप्रतिकारक टी-पेशींमध्ये जनुकीय बदल करून त्यांना विशिष्ट प्रथिन ओळखायला लावण्याची कार-टी पद्धत त्यांत सर्वाधिक प्रभावी ठरली. सीडी133 निरोगी रक्तमूलपेशींवरही असते. म्हणून मानवी रक्तमूलपेशी असलेल्या उंदरांमध्ये हा उपचार घातक ठरतो का, हेही त्यांनी तपासले, आणि तातडीचे गंभीर दुष्परिणाम त्यांना दिसले नाहीत. 2024 मध्ये जेसन मॉफट यांच्यासह केलेल्या कामातून परतलेल्या गाठीत रोबो1 या प्रथिनाच्या रूपाने दुसरे लक्ष्य पुढे आले. गाठीतील पेशी वेगळ्या काढण्याची खूण म्हणून वापरलेल्या प्रथिनावरचा उपचार उंदरात तपासण्यापर्यंत पोहोचायला सिंग यांच्या गटाला 17 वर्षे लागली, हे वाचकांना कधी सांगितले जाते का?

महाराष्ट्रात कार-टी उपचाराबद्दल हल्ली अधिकच विचारले जाते, कारण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. मग तोच मेंदूच्या गाठीला का चालत नाही, असे लोक विचारतात. तो उपचार बी-पेशींच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, रक्तकर्करोगांसाठी आहे. त्या पेशींवर सीडी19 हे लक्ष्य-प्रथिन बहुधा सरसकट असते, आणि निरोगी बी-पेशी गमावूनही रुग्ण जगू शकतो. ग्लायोब्लास्टोमाच्या एकाच गाठीत मात्र भिन्न लक्षणांच्या पेशी शेजारी शेजारी असतात आणि सभोवती निरोगी मेंदू असतो. मार्च 2024 मध्ये बोस्टनहून तीन रुग्णांवरील कार-टी उपचाराचा अहवाल आला. त्यातील एका रुग्णाची गाठ काही दिवसांतच जवळजवळ नाहीशी झाली, हे खरे आहे, आणि मथळेही त्याचेच झाले. तिघांपैकी दोघांमध्ये तो परिणाम तात्पुरता ठरला, हेही त्याच अहवालात होते.

दूरच्या बातम्यांना जागा मिळते आणि जवळचे काम मात्र नजरेआड राहते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, डॉ. अंजली शिरस यांच्या गटाने रुग्णाच्या गाठीतून प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींच्या दोन मालिका विकसित केल्या. त्यांपैकी एक संथ वाढणारी आणि गाठ न करणारी होती. दुसरी तिच्यातूनच आपोआप बदलून निघालेली आणि वेगाने गाठ करणारी. निरुपद्रवी भासणारी मूलपेशी कर्कपेशी कशी बनते, हे त्या जोडीवर टप्प्याटप्प्याने अभ्यासता येते. 2007 मध्ये ‘स्टेम सेल्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. मराठी वृत्तपत्रांत त्याचा सविस्तर परिचय माझ्या तरी वाचनात आला नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच की, अशी बातमी छापताना प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, आणि माणसांवर झाला असल्यास किती जणांवर, हे मथळ्याखालच्या पहिल्याच वाक्यात द्यावे. तसेच एकदा ठळकपणे छापलेल्या संशोधनाचे पुढे काय झाले, हे दोन-तीन वर्षांनी त्याच पानावर सांगण्याचा प्रघात पाडावा, मग उत्तर निराशाजनक असले तरी हरकत नाही. रोबो1 पासून सुरुवात करता येईल.

कळावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा