गुण पाहून सेवा द्या, पण मुदत घालून

महोदय,

आध्यात्मिक समुदायात नवा माणूस येतो, काही दिवस मागे बसून ऐकतो, त्याला तिथले वातावरण भावते आणि एके दिवशी तो म्हणतो, ‘मला काहीही काम सांगा.’ नियोजन पाहणाऱ्याला बरे वाटते. त्या घटकेला जे काम अडलेले असेल ते त्याच्या हाती दिले जाते. खुर्च्या मांडायच्या असतील तर खुर्च्या, दाराशी उभे राहायचे असेल तर दार. तीन-चार महिन्यांनी तो दिसेनासा होतो आणि त्याची श्रद्धा कमी पडली असे मागे बोलले जाते. आमचे म्हणणे असे की बहुतेक वेळा श्रद्धेचा काही संबंध नसतो. त्याला काय येते हे कोणी विचारलेलेच नसते. त्याच वेळी हिशेब दोन वर्षे मागे असतात, जुन्या प्रवचनांच्या कॅसेटना कपाटात बुरशी लागत असते आणि ध्वनिक्षेपक दर सभेला शिट्टी मारत असतो. सेवेचे वाटप हे काम आम्ही पाहतो, म्हणून त्याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

पहिली गोष्ट विचारण्याची. ‘तुम्हाला काय येते?’ या प्रश्नाला चांगला माणूस ‘विशेष काही नाही’ असेच उत्तर देतो. धार्मिक ठिकाणी तर अधिकच, कारण स्वतःचे गुण सांगणे म्हणजे अहंकार अशी त्याची समजूत असते. त्यापेक्षा असे विचारावे: लोक तुमच्याकडे कशासाठी येतात? कोणते काम करताना वेळ कळत नाही? कोणते काम तुम्हाला अजिबात नको? आठवड्यातला कोणता वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि कोणत्या महिन्यापर्यंत? हे सारे पंधरा-वीस मिनिटांत, समोरासमोर बसून होते. चार पानी फॉर्म भरून घेतला तर तो फाइलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

उत्तरे टिपताना ‘येते’ आणि ‘करायला आवडेल’ यांचे रकाने वेगळे ठेवावेत. यात फार गफलत होते. आठवडाभर आकडेमोड करणाऱ्या हिशेबनीसाला रविवारी पुन्हा वहीच समोर नको असते. त्याला बागेत माती उकरायची असते, लहान मुलांना चित्रे काढायला शिकवायचे असते. शिक्षकाला गप्प बसून ग्रंथांना वेष्टने घालावीशी वाटतात. पोटापाण्याचा व्यवसाय म्हणजेच त्या माणसाचा गुण, असे धरून चालू नये.

दुसरी गोष्ट, माणूस शोधण्याआधी काम फोडून लिहावे. ‘ध्वनिव्यवस्था सांभाळा’ हे काम नव्हे. काम असे लिहावे लागते: सभेआधी तासभर येणे, माइकच्या बॅटऱ्या बदलणे, प्रत्येक वक्त्याचा आवाज आधी तपासणे, सभा चालू असताना जागा न सोडणे, शेवटी तारा गुंडाळून मोजून ठेवणे. शिट्टी का वाजते हेही त्याच कागदावर असावे. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, म्हणून. स्पीकर माइकच्या पुढे श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत, वक्त्याने माइक तोंडापासून चार बोटांवर धरावा आणि ज्या माइकवर कोणी बोलत नाही तो बंद ठेवावा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न वाजता मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. हे ठाऊक नसलेला उत्साही स्वयंसेवक आवाज वाढवत राहतो आणि मागच्या रांगेतल्या वृद्धांना तरीही काही कळत नाही. कान चांगला असलेली, चटकन न गोंधळणारी एखादी तरुण मुलगी हे काम महिन्याभरात शिकते. ती त्या समुदायात बहुधा असतेच. तिच्याकडे वळून कोणी पाहिलेले नसते.

कामाच्या या कागदावर आणखी चार ओळी हव्यात: अडचण आली तर कोणाला विचारायचे, न विचारता किती खर्च करता येईल, काम कोणत्या तारखेला संपेल आणि या कामात काय मोडत नाही. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी. ती नसली की दिवे लावायला आलेला वायरमन वर्षाच्या आत इमारतीची डागडुजी, पाण्याची मोटर आणि तीन विश्वस्तांच्या घरचे पंखे एवढे सगळे एकटा पाहू लागतो.

काम मोजायलाही शिकावे लागते. जुन्या प्रवचनांच्या कॅसेट संगणकावर उतरवून जतन करणे हे उदाहरण घ्या. ९० मिनिटांच्या २०० कॅसेट असतील तर नुसते ऐकण्याचेच ३०० तास झाले, कारण कॅसेट तिच्या स्वतःच्या वेगानेच वाजवावी लागते. एक माणूस आठवड्याला चार तास देणार असेल तर ७५ आठवडे. एवढा साधा गुणाकार आधी केला असता, तर ‘होईल सहा महिन्यांत’ असे सांगून कोणा एकट्यावर हे ओझे टाकले गेले नसते. तीन माणसे लागतात: एक यंत्रावर, एक ऐकून वक्ता, तारीख, ठिकाण आणि विषय लिहिणारा, एक प्रती सांभाळणारा. दुसरे काम बहुधा एखाद्या जुन्या साधकाचे. आवाज ओळखणारा तोच असतो आणि त्याला संगणक यावाच लागत नाही. मूळ जतनाची प्रत दाबून लहान केलेली नसावी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट ही ध्वनीच्या बारकाव्याची किमान पातळी ठेवावी. लोकांना वाटायची छोटी प्रत त्यावरून नंतर केव्हाही काढता येते. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. बुरशी लागलेली कॅसेट तशीच यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या कॅसेटपर्यंत पोचते. तिला आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावे लागते.

काही गुणांबाबत मात्र नुसती आवड आणि हातोटी पुरत नाही, आणि इथे समुदाय सर्वांत बेसावध असतात. ऐकून घेण्याचा गुण असलेली माणसे दुःखी लोकांना आधार वाटतात, ते खरेच आहे. पण त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे की मी ऐकेन, उपचार करणार नाही. समोरच्याच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला तर सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठावे. ‘कोणाला सांगू नका’ हे वचन अशा वेळी पाळायचे नसते, आणि तेही आधीच सांगून ठेवावे. ‘नामस्मरण वाढवा, औषधाची गरज नाही’ असे कोणी सांगत असेल, तर तो कितीही ज्येष्ठ असो, त्याच्याकडून ही सेवा त्याच दिवशी काढून घ्यावी.

मुलांच्या वर्गात कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही, हा नियम सर्वांना एकच. गायन शिकवणाऱ्यालाही, गुरुस्थानी असलेल्यालाही. दानाची रक्कम नात्यात नसलेल्या दोघांनी एकत्र मोजावी, जागा सोडण्याआधी कागदावर आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि बँकेत भरणारा माणूस वही लिहिणाऱ्याहून वेगळा असावा. यात प्रामाणिक माणसाचा अपमान होतो असे काहींना वाटते. उलट, उद्या आळ आला तर त्याच दोन सह्या त्याला वाचवतात.

सांकेतिक भाषेत अनुवाद करणाऱ्यांची कदर तर फारच कमी होते. एकट्या दुभाष्याला तीन तास उभे करतात. हात चालू राहतात, पण मन थकते आणि अर्थ निसटू लागतो. म्हणून दोघे हवेत आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी. त्यांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड पडेल अशी जागा द्यावी आणि त्या दिवशीचे श्लोक, पदे, खास शब्द दोन दिवस आधी पोचवावेत. प्रथमोपचार शिकलेल्यांनाही असेच एकटे ठेवू नये. छातीवर दाब देणे म्हणजे प्रौढ माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत हात ढिले पडतात आणि दुसऱ्याने घ्यावे लागते. एवढ्या श्रमाचे काम फक्त वाचून येत नाही, ठरावीक काळाने उजळणी लागते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, सेवेत निवड कसली? वाट्याला येईल ते करावे, त्यानेच अहंकार गळतो. साधकाने स्वतःला घातलेला नियम म्हणून आम्हाला तो मान्य आहे. पण वाटप करणाऱ्याने तो दुसऱ्याला ऐकवला की त्याच्याआड नियोजनाचा आळस लपतो. जुन्या परंपरांनी हा प्रश्न आपल्यापेक्षा नीट सोडवला होता. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, दब्ब मल्लपुत्त या भिक्षूची हकिगत आहे. संघाची कोणती सेवा आपल्या हातून होईल याचा विचार करून निवासस्थाने आणि भोजनाची निमंत्रणे वाटून देण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागितले आणि संघाने रीतसर संमती देऊन त्यांची नेमणूक केली. सुत्ते म्हणजे बुद्धांची प्रवचने पाठ करणारे एकत्र, विनय म्हणजे नियम जाणणारे एकत्र, ध्यान करणारे एकत्र, अशा जागा ते नेमून देत. एवढे करूनही, आपल्याला वारंवार निकृष्ट भोजन मिळते या रागातून काही भिक्षूंनी त्यांच्यावर खोटा आरोप केला. वाटप करणाऱ्याच्या नशिबी हे असतेच, म्हणून कोणाला काय आणि का दिले हे लिहून सर्वांना दिसेल असे ठेवावे. त्याच विनयात कोठाराची जबाबदारी सोपवताना पाहायच्या पाच गोष्टी दिल्या आहेत: तो माणूस पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वाहवत जाणारा नसावा आणि काय सुरक्षित आहे, काय नाही, हे त्याला कळावे. भक्तीच्या तीव्रतेचा या पाचांत उल्लेख नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या ख्रिस्ती मठनियमांत स्वयंपाकघरातली सेवा आठवड्याच्या पाळीने जवळपास सर्वांवर आहे. पाळी संपणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, भांडी धड अवस्थेत कोठाराधिकाऱ्याकडे परत करायची आणि त्याने ती पुढच्या पाळीवाल्याला मोजून द्यायची. कारागिरांनी मठाधिपतीच्या परवानगीने आपली कला नम्रतेने चालवावी. आपल्यामुळे मठाला लाभ होतो असा गर्व चढला तर ते काम काढून घ्यावे, असेही त्यात आहे. म्हणजे गुणाची सेवा वेगळी आणि झाडलोट, भांडी, स्वच्छतागृह यांची पाळी वेगळी. गुणाची सेवा निवडून द्यावी. पाळी मात्र गायकापासून विश्वस्तापर्यंत प्रत्येकाला लागावी. सध्या या पाळ्या बायकांच्या आणि नव्या लोकांच्या गळ्यात पडतात आणि वर त्यालाच सेवाभाव म्हटले जाते. हे थांबलेच पाहिजे.

नेमणूक पहिले सहा आठवडे तात्पुरती ठेवावी. त्यानंतर बसून बोलावे आणि दोन्ही बाजूंनी ‘हे जमत नाही’ म्हणण्याची मोकळीक असावी. पुढे मुदत एक वर्षाची, फार तर दोन, आणि मग सक्तीची विश्रांती. चांगली माणसेच आधी थकतात. सगळ्यांत आधी येणे, सगळ्यांत शेवटी जाणे, कोणालाही शिकवायला वेळ नसणे, ‘राहू द्या, मीच करतो’ हे शब्द वारंवार तोंडी येणे, आणि मुख्य म्हणजे ज्या साधनेसाठी तो आला तिच्यात स्वतः कधीच न बसणे, ही लक्षणे दिसली की मुदत संपायची वाट पाहू नये. पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला जोडीदार द्यावा. असे न केल्यास संकेतस्थळ चालवणारा स्थलांतर करतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. नोंदणी त्याच्या खासगी ईमेलवर असते आणि वर्षअखेरीस संकेतस्थळ बंद पडते.

पदरमोडीबद्दलही स्पष्ट असावे. साहित्य आणि प्रवास यांचा खर्च पावती दिल्यापासून आठवड्यात परत द्यावा, न मागता. ज्याला तो नको असेल त्याने घेतलेली रक्कम वेगळे दान म्हणून द्यावी. म्हणजे हिशेबात खरा खर्च दिसतो आणि ज्याला परवडत नाही त्याला ते चारचौघांत बोलून दाखवावे लागत नाही. निरोपाच्या वेळी किल्ल्या, वह्या, पासवर्ड आणि अर्धवट कामांची यादी जोडीदाराच्या समक्ष ताब्यात घ्यावी, आणि जाणाऱ्याला विचारावे की या कामाच्या कागदावर काय लिहायचे राहून गेले होते. तो जे सांगेल ते त्याच दिवशी कागदावर चढवावे.

आपले,
सेवा-नियोजनाचे काम पाहणारे काही कार्यकर्ते