प्रशिक्षण मराठीतूनही हवे

महोदय,
सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. शिवाय 2020 च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहेच. शिकायला आमची ना नाही. पण कर्नाटकातील खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतील आम्हा शिक्षकांच्या हाती प्रशिक्षणात पुस्तिका पडते ती बहुतेक वेळा कन्नडच. अपूर्णांकांची कृती वहीत मराठीत उतरवून घेण्यातच दुपार सरते. चौथीची मुले नेमकी कुठे अडखळतात, हे बोलायचे राहूनच जाते. कन्नडशी वैर मुळीच नाही, रोजचा व्यवहार तिच्यातच चालतो. शिक्षण खात्याने निदान गणित व परिसर अभ्यासाच्या पुस्तिका तरी मराठीतून द्याव्यात.

– एक प्राथमिक शिक्षिका, खानापूर