शून्य पॉइंटची मॅच

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना
मार्चअखेर

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते आणि मी दाराला कुलूप लावत होतो. तुझं म्हणणं नीट ऐकूनही घेतलं नाही, याची चुटपुट लागली. पण इथल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या तुझ्या त्या आवडत्या पोराबद्दलचं "तीस पॉइंट मारलेत लेका त्याने, ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात जाणार बघ" हे तुझं वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ड्राफ्ट म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो. माझं मत वेगळं आहे. ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहायला बसलो.

आमच्या घरापासून उत्तरेला अर्ध्या तासावर डेव्हिडसन नावाचं कॉलेज आहे. दोन हजारांहूनही कमी विद्यार्थी. २५ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी तिथे मॅच बघायला गेलो होतो. म्हणजे खरं तर एका पोराला बघायला गेलो होतो: स्टीफन करी. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, त्याने गोन्झागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३० आणि विस्कॉन्सिनविरुद्ध ३३ पॉइंट केले होते. पुढे कॅन्सससमोर डेव्हिडसन ५७-५९ असा हरला, आणि कॅन्ससच त्या वर्षीचा विजेता ठरला. इथल्या चहाच्या प्रत्येक गप्पेत तेच होतं. तेव्हा आपण मोठ्या अपेक्षेने गेलो.

समोर मेरीलँडचा लोयोला संघ होता. त्यांच्या कोचने पहिल्यापासून करीवर दोन माणसं लावली, आणि बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी ती दोघं त्याला सोडेनात. करीने काय केलं? तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोन माणसं त्याच्यापाशी अडकली, म्हणजे उरलेल्या कोर्टावर चारांविरुद्ध तीन. त्याच्या साथीदारांनी मग हव्या तशा बास्केट केल्या. करीने अख्ख्या मॅचमध्ये तीन शॉट मारले, तिन्ही चुकले, पॉइंट शून्य. डेव्हिडसन ७८-४८ ने जिंकला.

मी त्या रात्री नाराज होऊन परत आलो. घरी बायकोला म्हणालो, बघितलंस, अंगाने हडकुळा आहे, दोन जण लावले की संपला. एनबीएत याचा निभाव लागायचा नाही. आज हे लिहिताना वाईट वाटतं, कारण मी नेमकं उलटं वाचलं होतं. देशात सर्वाधिक पॉइंट करणारा वीस वर्षांचा पोरगा, स्वतःच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, बॉल मागत नाही, चिडत नाही, जबरदस्तीचा शॉट मारत नाही. कोपऱ्यात उभं राहिलं तर संघाचा फायदा आहे हे त्याला कळतं आणि तो तिथे उभा राहतो. त्या मोसमात त्याची सरासरी २८.६ होती, पण मला विचारशील तर त्याच्याबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती त्या शून्यात होती.

दोन वर्षांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटनेही देशात सर्वाधिक पॉइंट केले, सरासरी २८.९. तोही गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून बॉल हाताळणारा, तोही सहा फूट दोन इंचांचा, तोही अर्ध्या कोर्टाजवळून बेधडक मारणारा. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो दहावा गेला. आकडे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतील. पण फ्रेडेट एनबीएत रुजला नाही; संघ बदलत राहिला आणि मग चीनमध्ये जाऊन खोऱ्याने पॉइंट केले. त्याचा हात काही बिघडला नव्हता. एनबीएतही त्याचे तीन पॉइंटचे शॉट ३७ टक्क्यांच्या आसपास जात होते, आणि हे प्रमाण चांगलंच आहे. अडचण अशी की कॉलेजमध्ये बॉल सतत त्याच्या हातात असे आणि सगळी चाल त्याच्याभोवती फिरे. एनबीएत नव्या पोराला तसा बॉल कोण देणार? आणि दुसऱ्या टोकाला त्याच्यासमोरचा गार्ड सहज निसटायचा. करी मात्र बॉल नसताना सारखा धावत असतो, एका स्क्रीनमागून (म्हणजे वाट अडवून उभ्या साथीदाराच्या आडून) दुसऱ्या स्क्रीनमागे. बॉल मिळाला की हातातून सुटायला क्षणही लागत नाही. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चाल रचणारा, कॉलेज संपवून गेला, तर करीने ती जागाही घेतली आणि सरासरी साडेपाचच्या वर असिस्ट, म्हणजे साथीदाराची बास्केट घडवणारे पास, दिले. म्हणजे दर वर्षी पोराच्या खेळात काहीतरी नवं येत होतं.

आणि हे शिकणं त्याला शाळेपासूनच ठाऊक होतं. तो शॉट कमरेपासून उचलून मारायचा. वडील डेल करी स्वतः एनबीएतले नावाजलेले नेमबाज. त्यांनी एका उन्हाळ्यात ती सगळी पद्धत मोडून बॉल डोक्यावरून सोडायला लावला. काही आठवडे पोराला जवळूनसुद्धा बास्केट होत नव्हती. तरी त्याने ते पुरं केलं. तरीही वडिलांच्याच कॉलेजने, व्हर्जिनिया टेकने, त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. कारण? अंगकाठी.

अंगकाठीचं हे दुखणं तुला मी काय सांगणार! आपल्या वेळच्या निवड चाचणीत भिंतीशी उभं करून उंची मोजली आणि तुला बॉल हातात न देताच घरी पाठवलं. तू डेक्कनवरून चालत घरी आलास, एक शब्द बोलला नाहीस. आपल्या ग्रुपमध्ये तुझ्याइतकं कोर्ट कुणाला दिसत नव्हतं. म्हणून तर तूही नुसते पॉइंट मोजून मोकळा झालास याचं मला जास्त वाटलं.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा कोण गेला माहीत आहे? हशीम थबीत, सात फूट तीन इंच. कॉलेजात दर मॅचला चारच्या वर शॉट अडवायचा. कॉलेजात तेवढ्या उंचीचं समोर कुणी नसतंच. पहिल्याच मोसमात मेम्फिसला त्याला खालच्या लीगमध्ये खेळायला पाठवावं लागलं. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या, लागोपाठ दोन क्रमांकांवर गार्डच घेतले आणि करीला सोडलं. सातवा तो गोल्डन स्टेटकडे गेला. आठव्या क्रमांकावरचं न्यूयॉर्क त्याच्यासाठी टपून बसलं होतं. त्याच न्यूयॉर्कच्या घरच्या कोर्टावर, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, १४ डिसेंबर २०२१ ला त्याने रे ॲलनचा २९७३ तीन पॉइंटरचा विक्रम मोडला.

आता, कॉलेजचे आकडे तसेच्या तसे वर का चढत नाहीत, तेही सांगतो. तिथे, कॉलेजात, मॅच ४० मिनिटांची, इथे, एनबीएत, ४८. तिथे मोसमात पस्तीसेक मॅचेस, इथे ८२. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, तिथे ३० सेकंदांचं, इथे २४ चं. तीन पॉइंटची रेघ तिथे ६.७५ मीटरवर, इथे समोरून ७.२४ मीटर. शिवाय तिथे अर्ध्या मॅचेस अशा संघांशी असतात ज्यांच्यातला एकही जण पुढे व्यावसायिक खेळणार नसतो. त्यात वय! बावीस वर्षांचा पोरगा अठरा वर्षांच्या पोरांवर पॉइंट करतोय, तर त्यातला किती भाग कौशल्य आणि किती भाग नुसती वाढलेली ताकद? तू सांगितलेला तो पोरगा कॉलेजच्या चौथ्या वर्षाला आहे, हे विसरू नकोस.

एक गोष्ट मात्र मला वाटतं फार खरं बोलते: फ्री थ्रो. समोर कुणी नाही, अंतर ठरलेलं, फक्त हात आणि मन. कावाय लेनर्डचे कॉलेजात दुसऱ्या वर्षी तीन पॉइंटचे शॉट २९ टक्केच जात होते, पण फ्री थ्रो ७५ च्या वर होते. म्हणजे हात वाईट नव्हता. सॅन अँटोनिओच्या एनबीए संघात चिप एंगेलंड या शूटिंग कोचने त्याचा शॉट सुधारला आणि पुढे तो एनबीएतला अव्वल खेळाडू झाला, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा कमी दिसणारा आकडाही कधीकधी फसवतो.

नशिबाचा भाग नाही असं मी म्हणत नाही. २०११-१२ मध्ये करी घोट्याच्या दुखण्याने फक्त २६ मॅचेस खेळला. तो घोटा बरा झाला नसता तर आज मी तुला हे काहीच लिहिलं नसतं, आणि तरी त्या रात्री त्याने कोपऱ्यात जे केलं ते तितकंच बरोबर राहिलं असतं.

शनिवारी तुझ्या त्या आवडत्या पोराची मॅच आहे. तुमच्याकडे पहाट असेल, पण उठ. पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघूच नकोस, फक्त त्याच्याकडे बघ. बॉल दुसऱ्याकडे असताना त्याचे पाय हलतात का, शॉट चुकल्यावर तो मागे किती वेगाने धावतो, दोन माणसं अंगावर आली की काय करतो. मग मला लिही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
राजू