पॅरिसला निघालेल्या मित्रास

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

पॅरिसच्या तीन दिवसांतली एक सकाळ आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्यासाठी राखून ठेवलीस, बेस केलंस. फक्त एक लक्षात ठेव, पेर लाशेज नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरू नकोस. दफनभूमीचं नाव तेच म्हणून सगळे तिथं उतरतात आणि मग ४४ हेक्टरांचा तो पसारा, दगडी फरसबंदीवरून, चढणीनं तुडवत बसतात. तीन नंबरच्या लाइननं एक स्टेशन पुढं, गांबेताला उतर. तिथून चालत थोड्याच अंतरावर वरचं फाटक आहे. वाइल्ड ८९ व्या विभागात, फाटकापासून जवळच. विभागांचे आकडे कोपऱ्याकोपऱ्यावर लावलेले असतात, ते बघत जा. तिकीट नाही. फाटक आठला उघडतं, शनिवारी साडेआठला, रविवारी नऊला. लवकर गेलास तर गर्दी टळेल.

समोर दिसेल तो वाइल्डचा पुतळा नव्हे. पंख मागं पसरून झेपावणारी एक आकृती आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या असीरियन, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, पंखधारी बैलांचं वळण तिच्यात आहे. शिल्पकार जेकब एपस्टाइननं ती इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या चुनखडीच्या सुमारे २० टनी दगडातून काढली. पंख नीट बघायचे तर बाजूला उभा राहा, समोरून ते कळत नाहीत. आकृतीचं नागडेपण पॅरिसच्या अधिकाऱ्यांना सोसलं नाही. आधी ताडपत्री आली, मग जननेंद्रियावर ब्राँझचं फुलपाखरू. पुढं १९६१ मध्ये कुणीतरी तो अवयवच फोडून नेला. ती खोक अजून आहे.

आता थडग्याभोवतीच्या काचेबद्दल. लिपस्टिक लावून दगडाचे मुके घ्यायची प्रथा पडली आणि तिथंच घोळ झाला. लिपस्टिकमध्ये तेल-मेण असतं. चुनखडीला बारीक छिद्रं, त्यामुळं तेलकटपणा आत मुरतो. घासून धुतलं की डागाबरोबर दगडाचा वरचा थरही थोडा जातो, छिद्रं आणखी उघडी पडतात आणि पुढचा मुका जास्त खोल मुरतो. म्हणजे दगड झिजवला प्रेमानं आणि साबणानं मिळून. अखेर २०११ मध्ये सफाई करून भोवती उंच काच उभारली, खर्च आयर्लंडच्या सरकारनं केला. हल्ली ओठांचे ठसे काचेवर उमटतात. ते फडक्यानं पुसले जातात, तेव्हा कुणाला उमटवायचेच असतील तर काचेवर उमटवू देत!

फोटो काढताना काचेत तूच दिसशील. लेन्स काचेला टेकव, भोवती काळं जॅकेट धर, फ्लॅश बंद ठेव. ढगाळ हवा असेल तर उत्तम.

पुढून फोटो झाला की लोक निघतात. तू मात्र मागच्या बाजूला जा, कोरलेला मजकूर तिथं आहे. पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल १८९५ मध्ये वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. रेडिंगच्या तुरुंगात त्याचा नंबर होता सी.३.३. १८९८ मध्ये त्या तुरुंगावरची त्याची दीर्घ कविता छापली गेली, तीसुद्धा कवी म्हणून हाच नंबर घालून. तिच्यातल्या चार ओळी मागं आहेत: त्याच्यासाठी रडणारे परकेच असतील, समाजानं वाळीत टाकलेले, आणि वाळीत टाकलेल्यांचा शोक कधी सरत नाही. शिक्षा झालेल्या हजारो पुरुषांबरोबर वाइल्डलाही ब्रिटनमध्ये मरणोत्तर माफी मिळाली ती २०१७ मध्ये. माफी कसली, गुन्हाच कुठं होता, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणतो.

आणखी एक. हे थडगं उभं करण्यामागं वाइल्डचा मित्र रॉबर्ट रॉस होता. दिवाळखोरीत गेलेल्या वाइल्डचं देणं त्यानंच फेडलं. आपल्या अस्थींसाठी त्यानं याच दगडात एक लहानसा कप्पा ठेवायला सांगितलं होतं. तो १९१८ मध्ये गेला, रक्षा तिथं पोचली १९५० मध्ये. फुलं नेणार असलास तर दोघांसाठी ने आणि काचेबाहेरच ठेव.

तुझा,
शरद