फळीवर आलेली भोवळ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

गेल्या मे महिन्यात आमच्या गावालगतच्या तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, पुडे मोजून देण्यासाठी रांगेत उभी असलेली एक बाई भोवळ येऊन पडली. जमलेल्यांनी तिला उठवून बसवले, नाकाशी कांदा फोडून धरला, तोंडात पाणी ओतले. ती पुन्हा कोलमडली. पाणी ओतणाऱ्यांत मीही होतो, आणि मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे.

साध्या भोवळीत मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि माणूस आडवा झाला की तो सावरतो. म्हणून त्याला सपाट झोपवून पाय हातभर उंच धरावेत, कपडे सैल करावेत आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काहीही घालू नये. डोळ्यांपुढे अंधारी येऊन दरदरून घाम फुटला, तेव्हाच बाई खाली बसली असती तर कदाचित पडलीही नसती; पण रांगेतली जागा कोण सोडतो? मिनिटाभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल किंवा काम करता करता माणूस एकाएकी कोसळला, तर मात्र लगेच १०८ ला फोन करावा, आणि श्वासच चालत नसेल तर गाडी येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.

अडचण अशी की आमच्याकडे सगळ्यालाच 'चक्कर आली' म्हणतात. ब्रह्मपुरी-चंद्रपुरात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा अंग भाजल्यासारखे तापलेला आणि बरळणारा माणूस उष्माघाताचा असतो. त्याला सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतणे, वारा घालणे गाडीची वाट न पाहता सुरू करावे लागते. फवारणीच्या दिवसांत लाळ गळत असेल आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर ती विषबाधा असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण जाणताच. अशा वेळी भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा रुग्णासोबत दवाखान्यात पाठवावा.

वारंवार भोवळ येणाऱ्या बायांना आमच्याकडे 'अशक्तपणा' सांगून सलाईन लावून परत पाठवतात. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि रक्तक्षय आमच्या भागाला नवे नाहीत. अशा प्रत्येकीचे हिमोग्लोबिन, झोपून व उभे राहून घेतलेला रक्तदाब आणि ईसीजी एवढे तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासले जावे.

दुसरी विनंती प्रशिक्षणाची. ते पुन्हा आशाताईंच्याच माथी मारू नये, त्यांच्याकडे आधीच पुष्कळ कामे आहेत. शिवाय माणूस पडतो तेव्हा त्या जवळ नसतात. जवळ असतो तो फळीवर हिशेब ठेवणारा, रोजगार हमीच्या कामावरचा रोजगार सेवक आणि वावरातला मुकादम. या तिघांना एक दिवस, सरावाच्या पुतळ्यावर हात चालवून, हे शिकवावे, आणि तेंदूची पुढची तोड सुरू होण्याआधी शिकवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर