लाल गोल, निळा गोल: इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टरना उघडं पत्र

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आम्ही सहा-सात जणांनी मिळून हे पत्र लिहिलंय. दोघांची औषधांची दुकानं आहेत, एक जण फिजिओथेरपिस्ट आहे, बाकीच्यांच्या घरात प्रोस्टेट कॅन्सरचे पेशंट आहेत. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. पत्र उघडं ठेवतोय, कारण सुई टोचता टोचता तुम्ही जे सांगता ते कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर नसतं, आणि कार्ड हातात घेऊन एसटीत बसलेल्या माणसाला नेमकं तेच लागतं.

हॉर्मोन थेरपी म्हणजे काय, हे तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन तोडलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आखडतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अंडकोष काढा किंवा इंजेक्शन घ्या, हेतू एकच: रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणून तिथेच ठेवायचं. तुमचं वाक्य असं, ‘काका, नळ वरनंच बंद केलाय. तण मरेल, पण परसातल्या माडालाही पाणी जायचं नाही. माडाला आता कळशीने घालायचं.’ हाडं, स्नायू, झोप, साखर, मन हे सगळे ते माड. पुढची सगळी यादी या एका वाक्यातून आपोआप समजते.

पहिले आभार कॅलेंडरचे. टेस्टोस्टेरॉन पाडणाऱ्या गोसेरेलिनचं ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन २८ दिवसांनी आणि १०.८ चं १२ आठवड्यांनी. ‘महिन्याने’ आणि ‘तीन महिन्यांनी’ हे शब्दच तुम्ही बंद केलेत. ‘महिना’ म्हटलं की दोन-तीन दिवस सरकतात, मग गणपती येतात, मग घाटात दरड कोसळते, आणि बघता बघता दहा दिवस उलटतात. तेवढ्यात टेस्टोस्टेरॉन पुन्हा डोकं वर काढू शकतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर इंजेक्शनच्या तारखेला लाल गोल, आणि त्याआधी आठ दिवस निळा गोल. निळ्या दिवशी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, सांगितलं असेल तर टेस्टोस्टेरॉन, आणि औषध दुकानात आलंय का याची चौकशी. गणपती किंवा शिमगा आड येत असेल, तर तारीख पुढे-मागे करायची की नाही हे निळ्या गोलालाच डॉक्टरांना विचारायचं, लाल गोल उलटून गेल्यावर नाही.

औषध आणण्याची तऱ्हाही तुम्हीच बसवून दिलीत. खोक्यावर २ ते ८ अंश छापलं असेल, तर थर्मोकोलच्या पेटीत तळाला जेल पॅक, त्यावर दुमडलेलं फडकं, मग औषध. बर्फाला थेट टेकलं तर औषध गोठू शकतं, आणि गोठलेलं औषध वितळवून वापरायचं नसतं. दिसायला ते अगदी चांगलं दिसतं, धोका तिथेच. गोसेरेलिनला मात्र २५ अंशांखालची थंड जागा पुरते. सगळी इंजेक्शनं एकाच पेटीत कोंबणाऱ्या आमच्यातल्या एका दुकानदाराने हे लिहून काऊंटरला चिकटवलंय.

तुमच्या हाताबद्दलही सांगितलंच पाहिजे. ल्युप्रोलाइड डेपो हे टेस्टोस्टेरॉन पाडणारं दुसरं इंजेक्शन, म्हणजे कुपीतली भुकटी आणि वेगळं द्रावण. दोन्ही एकत्र केली की दुधासारखं गढूळ होतं. ते ठेवून दिलं तर कण खाली बसतात, सुईत अडकतात आणि डोस अर्धाच जातो. त्यामुळे पेशंट खाटेवर आडवा होऊन जागा पुसून झाल्याशिवाय तुम्ही कुपी उघडत नाही. गोसेरेलिनची सुई जाड असते आणि आत जातो तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, बेंबीच्या खाली पोटाच्या कातडीत. आधी ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न तुम्ही प्रत्येक वेळी विचारता, गेल्या वेळी विचारला असलात तरी. नंतर जागा चोळायची नाही, फक्त दाबून धरायची.

पहिल्या इंजेक्शनचा घोळ बऱ्याच घरांत कळतच नाही. ल्युप्रोलाइड-गोसेरेलिन जातीची इंजेक्शनं सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढवतात, एक-दोन आठवडे, आणि मग पाडतात. म्हणून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी बायकॅल्युटामाइड ५० ची गोळी आधीपासून किंवा बरोबरच सुरू करून काही आठवडे देतात. गोळी महाग वाटली म्हणून ‘इंजेक्शन तर घेतलंय’ असं म्हणून ती सोडणारे दुकानात भेटतात. मणक्यात गाठ असेल तर हेच दोन आठवडे जोखमीचे. डेगारेलिक्स या वेगळ्या जातीच्या इंजेक्शनात ही वाढ होत नाही. पहिल्या दिवशी त्याच्या १२० च्या दोन सुया, पुढे दर २८ दिवसांनी ८० ची एक. आणि ते तुमचं दारावर लावलेलं वाक्य: पाठीत नवी कळ, पायात मुंग्या किंवा ढिलेपणा, लघवी अडकणं किंवा शी-शू चा ताबा जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलात. पहाटेच्या गाडीची वाट बघायची नाही. मणक्यातली नस दबली असेल तर गेलेली ताकद परत येईल की नाही, हे तासांवर ठरतं.

आता वाफा. मालवणकडची माणसं म्हणतात, ‘आंगातसून वाफ येता.’ बायकांना पाळी जाताना होतं तेच हे. मेंदूतला तापमानाचा काटा बिघडतो आणि शरीराला उगाचच उकडायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर याचा त्रास जास्त, कारण एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. तुमचा उपाय बिनपैशाचा: ओला पंचा मानेवर आणि त्याच्यावर पंखा. नुसता पंचा नाही, नुसता पंखाही नाही. रात्री जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी, म्हणजे एक काढता येते. कडक गरम चहा, तिखट रस्सा, दारू यांनी वाफ उसळते. पण सगळ्यांना सगळ्याने नाही, म्हणून पंधरा दिवस वहीत वेळ आणि आधी काय खाल्लं-प्यालं ते लिहायचं. त्या वहीमुळे चहा वाचला अशी दोन घरं आहेत, दोष तिखटाचा निघाला. एवढं करूनही झोप मोडत असेल तर औषधं आहेत: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन रोज २० मिलिग्रॅम, व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन. डॉक्टर माणूस बघून निवडतात. व्हेनलाफॅक्सिन एका दिवसात बंद केली तर चक्कर-मळमळ सुरू होते आणि गॅबापेंटिनने पेंग येते, हे तुम्ही आधी सांगता. म्हणून कुणी घाबरून गोळ्या फेकत नाही.

हाडांसाठी मात्र तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. नळ बंद झाल्याबरोबर हाडांची झीज वाढते आणि त्या झिजेला दुखणं नसतं. सुरुवातीलाच डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी करायची. तिच्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. रोजचं कॅल्शियम १००० ते १२०० मिलिग्रॅम, पण जेवण धरून. इथे तुम्ही कागदावर बेरीज करून दाखवलीत. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, म्हणजे दोन भाकऱ्यांत तेवढं. दोन पेले दूध सुमारे पावणेपाचशे. आठशेच्या वर इथेच झालं. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे धरलं तरी दोन गोळ्यांची गरज उरत नाही, बहुतेकांना एक पुरते. काट्यासकट खाल्लेले पेडवे मोजायचे, काटा काढलेली सुरमई कॅल्शियमसाठी धरायची नाही. सुकट-जवळ्याचंही कौतुक करता तुम्ही, पण मीठ धुऊन. आणि गोळीच्या पाकिटावरचे १२५० हे कार्बोनेटचं, म्हणजे खडूचं वजन. त्यात कॅल्शियम ५०० च असतं. ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

व्हिटॅमिन डीचं पाकीट ६०,००० युनिटचं असतं, आठवड्याला एक. ‘रोज एक’ असं समजून महिनाभर घेणारे असतात आणि मग बद्धकोष्ठ, उलट्या, सारखी तहान. दुकानातून देताना आता आम्ही प्रत्येक पाकिटावर वार लिहून देतो: रविवार, रविवार, रविवार. कल्पना तुमचीच.

हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवणाऱ्याही तुम्हीच. आपल्याकडे मशेरी आणि तंबाखूने किडलेले, हलणारे दात तोंडात तसेच वागवायची सवय. हे औषध सुरू झाल्यावर दात उपटला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून काढायचे ते आधी काढायचे आणि जखम भरू द्यायची. झोलेड्रॉनिकच्या आधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं आणि पोटभर पाणी प्यायचं. सलाईननंतर एक-दोन दिवस ताप-अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल. कॅन्सर वाढला असं समजून कुणी रडायचं नाही. हाडांच्या झिजेसाठी ६० मिलिग्रॅम डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी असेल तर त्यालाही लाल गोल. ते परस्पर बंद केलं की हाडं पूर्वीपेक्षा वेगाने झिजतात आणि मणके दबू शकतात.

बाकी हाड मोडतं ते पडल्यामुळे. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, न्हाणीत धरायला आडवा पाइप ठोकायचा, रात्री लघवीच्या वाटेवर दिवा. एन्झाल्युटामाइड ही याच कॅन्सरची गोळी चालू असलेल्यांनी तर नक्कीच, त्यात थकवा येतो आणि तोल जातो.

आमच्या फिजिओताईंना तुम्ही पेशंट पाठवू लागलात तेव्हापासून ‘आराम करा’ हा सल्ला मागे पडला. आरामानेच स्नायू जातात आणि पोट वाढतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, थांबून पुन्हा दहा, एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, तीच दोन्ही हातांत, आठवड्यातून दोन-तीनदा. वर रोज वीस-पंचवीस मिनिटं बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने चालायचं. पुळणीत नको, वाळूत पाय मुरगळतो. डांबरी रस्ता बरा. मणक्यात किंवा खुब्यात गाठ असेल तर रहाटावरून पाणी ओढणं, नारळाची पोती उचलणं, वाकून तण काढणं बंद, आणि व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. जेवणात कुळथाची पिठी, अंडं, मासा यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब दर तीन महिन्यांनी. आंब्याच्या दिवसांत साखर तपासायला कुणी येत नाही, हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. हिमोग्लोबिन थोडं उतरतं ते बहुधा टेस्टोस्टेरॉन नसल्यामुळे. लोह कमी असल्याचं तपासणीत दिसल्याशिवाय लोहाच्या गोळ्यांनी फक्त पोट बिघडतं.

ॲबिराटेरॉन या टेस्टोस्टेरॉन आणखी तोडणाऱ्या गोळीचं घड्याळ घराघरांत तुमच्यामुळे लागलं. २५० च्या चार गोळ्या, त्याआधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही नाही. दुधाचा चहासुद्धा ‘काही’च. पहाटे साडेपाचला गोळ्या, साडेसहाला चहा-नाश्ता आणि त्याबरोबर प्रेडनिसोलोन. जेवणाबरोबर घेतली तर रक्तात औषध कित्येक पटींनी चढतं. कमी डोस जेवणाबरोबर द्यायची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनी ठरवली तरच. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी लिव्हरची तपासणी, शिवाय पोटॅशियम आणि रक्तदाब. पाय सुजले, गोळे आले, छाती धडधडली की तपासणी, ‘शहाळं पाजूया’ नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर हे खरं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर तेच अंगाशी येतं. प्रेडनिसोलोन एकदम तोडायची नाही. घरात पोटुशी सून असेल तर तिने या गोळ्यांना हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही दार लोटून घेऊन बोलता, काका-काकू दोघांनाही समोर बसवून: इच्छा जाते, ताठरता जाते, छाती दुखरी होऊन फुगू शकते, डोळ्यांत उगाच पाणी येतं. हे औषधाचं आहे, मनाच्या कमकुवतपणाचं नाही आणि काकूंच्या वयाचंही नाही. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने परस्पर सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, हेही तेव्हाच. पंधरा दिवस उदासी हटली नाही तर मानसोपचाराची चिठ्ठी, आढेवेढे न घेता. ‘ताकद’ परत आणणाऱ्या शिलाजित-अश्वगंधाच्या डब्या तुम्ही पिशवीतून बाहेर काढायला लावता. टेस्टोस्टेरॉन वाढवतो असं ज्याच्या वेष्टनावर छापलंय, ते टेस्टोस्टेरॉन पाडायला हजारो रुपये मोजणाऱ्याने का खावं?

तुमची थर्मोकोलची पेटी गेल्या लाल गोलापासून आमच्या दुकानात राहिली आहे. सोमवारी येणाऱ्या पेशंटबरोबर परत पाठवतोय, जेल पॅक दोन्ही आत आहेत. काकूंनी वर आमसुलं भरली आहेत. त्यांना २ ते ८ अंशांत ठेवायची गरज नाही.

तुमचे,
किनाऱ्यावरचे आम्ही सगळे