रोव्हरला रात्र झेपली पाहिजे

महोदय,
अंतराळात यंत्रमानव किती उपयोगी, हे छायाचित्रांवरून ठरवू नये. वीज आणि ऊब किती टिकते ते पाहावे. 'चांद्रयान-३'चा रोव्हर (चाकांवर फिरणारा यंत्रमानव) 'प्रज्ञान' २६ किलोचा, वीज जेमतेम ५० वॅट. २०२३ मध्ये सुमारे १०० मीटर चालून त्याने चंद्रावर गंधक असल्याची नोंद दिली, पण चांद्ररात्रीच्या कडाक्यानंतर तो जागा झाला नाही. साक्रीच्या सौर प्रकल्पात पॅनेलवरची धूळ धुता तरी येते. मंगळावर कोण धुणार? तिथे ९० दिवसांसाठी पाठवलेला, सौर पॅनेलवर चालणारा 'नासा'चा रोव्हर 'ऑपॉर्च्युनिटी' १४ वर्षांत ४५ किलोमीटर चालला (दाद द्यावी तेवढी थोडी!) आणि २०१८ च्या धुळीच्या वादळात वीज संपून गप्प झाला. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या मंगळावरच्याच 'क्युरिऑसिटी' रोव्हरला ती अडचण नाही. मात्र टोकदार खडकांनी त्याची ॲल्युमिनियमची चाके फाडली. आपल्या पुढच्या चांद्ररोव्हरला आधी रात्रभर पुरेल अशी ऊब द्यावी, कॅमेरे नंतर वाढवावेत.
– एक वाचक, धुळे